मान-टिकचा होकार

"आजकालच्या सिनेमावाल्यांना मारामारी कळतच नाही," याउ चाक-हिनने चहाचा कप असा आदळला की निम्मा चहा टेबलावर सांडला. "हात उठला की कापलं, पाय उठला की कापलं. कोण कुणाला मारतंय ते बघणाऱ्याला दिसायला नको?"

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं, सिफू," चिंग-यान गुरूला द्यावा तसा मान देत, शांतपणे टेबल पुसत म्हणाली.

क्वुन टाँग या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका जुन्या कारखान्याच्या सातव्या मजल्यावर ती चित्रपटांच्या फिती दुरुस्त करायची. आजची फीत एक्केचाळीस वर्षांपूर्वीची होती. त्यातली चहाघराच्या गच्चीवरची मारामारी याउने बसवली होती, आणि नायकाच्या जागी पाठमोरा उभा राहून लढलाही तोच होता. समोर होता त्याचा धाकटा गुरुबंधू मान-टिक. शेवटच्या लाथेने तो कठड्यावरून खाली गेला तो गेलाच. तेच पडणं चित्रपटात ठेवलं गेलं आणि लोक आजही त्यावर टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांनी याउच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

चिंग-यानने एक पत्र पुढे सरकवलं. मान-टिकच्या थोरल्या बहिणीचं होतं. पडण्याआधी माझ्या भावाने मान डोलावली होती का, एवढंच बघून कळवा.

"डोलावली होती. तिला तेव्हाच सांगितलंय मी," याउ फिस्कारला. "खाली झेलायला रिकाम्या खोक्यांची थप्पी लागली की पडणारा मान डोलावतो. त्याशिवाय आमच्यात लाथ सुटत नाही."

फीत सुरू झाली. कॅमेरा एकदाही न थांबता सतरा डाव. याउची बोटं मांडीवर ताल धरत होती. वार, अडव, गिरकी, वार. नवव्या डावाला मान-टिक अर्धा ठोका मागे पडला.

"मधली फीत गाळलीस तू."

"एकही चित्र गाळलेलं नाही, सिफू. मोजलंय मी."

"मी बसवलेली मारामारी मला शिकवू नकोस. पुन्हा लाव."

दुसऱ्या वेळी मान-टिक नवव्या डावाला थांबलाच. नायकाचा हात रिकाम्या हवेत फिरला. चिंग-यान कौतुकाने बघत होती.

"काय बेमालूम अडवलं," ती म्हणाली.

याउचे कान तापले. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

तिसऱ्या वेळी मान-टिकने लढणंच सोडून दिलं. तो सरळ कठड्यापाशी गेला, वाकून खाली पाहिलं, मग वळून हात वर केला. थांब. नकारार्थी मान हलवली, दोनदा.

लाथ बसली. तो पडला.

"डोलावली की," चिंग-यान म्हणाली. तिच्या आवाजात सुटकेचा आनंद होता. "किती स्पष्ट दिसतंय. आजच लिहिते त्यांना."

ती कागद ओढून लिहू लागली. गप्प बसलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण त्या मूर्ख आनंदानेच याउचं डोकं सणकलं.

"आंधळी आहेस का? नाही म्हणतोय तो."

पेन थांबलं.

"ऊन उतरत होतं," याउ ओरडत होता. "सकाळपासून बारा वेळा अडलं होतं त्याचं. खोकी हलवलीत, परत लावा, हेच चाललं होतं. संतापलो होतो मी. मारली लाथ. नाही म्हणत होता, तरी मारली."

मग चिंग-यानने न विचारताच फीत मागे घेऊन पुन्हा लावली.

हात वर. नकार. लाथ.

मान-टिक पडला. इथे दृश्य नेहमी कापलेलं असायचं. या वेळी ते कापलं गेलं नाही.

कठड्याशी उभा असलेला पाठमोरा माणूस सावकाश वळला. तिशीतला याउ. त्याचा चेहरा कॅमेऱ्याला कधीच दिसू द्यायचा नव्हता.

ओठ हलत होते. आवाज नव्हता. त्या काळी आवाज मागाहून भरायचे, आणि चिंग-यान अशा मुक्या फिती रोज ओठांवरून वाचायची.

"दिसतंय मला," ती पुटपुटली. "तो म्हणतोय, 'त्याने मान डोलावली होती.'"

याउने हात लांबवून यंत्र बंद केलं. चक्री थांबली.

"पुन्हा तेच म्हणतोय," विझलेल्या पडद्याकडे बघत चिंग-यान म्हणाली.