बेडेकर डॉक्टरांना विचारून सांगते

सांगलीच्या विषाणू प्रयोगशाळेत डॉ. हेमांगी चौगुलेंनी टेबलावर एक कुपी ठेवली.

"हे धीरक. भोवरातापावर एवढंच औषध आहे. पण त्याच्या रेणूला एक खोड आहे. माणूस धास्तावला की शरीरात जे रसायन सुटतं, त्याला तो चिकटतो आणि निकामी होतो. देणाऱ्यावर भरवसा नसेल, तर औषध म्हणजे नुसतं पाणी."

"मग गुंगी देऊन द्या," सरकारी रुग्णालयाचे डॉ. यशवंत बेडेकर म्हणाले.

"गुंगीत रेणू तुटतोच. म्हणून म्हणते, औषध दुकानदारांनी द्यावं. रुग्णालय दिसलं की लोकांची छाती धडधडते. यांच्याकडे मूळव्याधीचं मलमही लोक न लाजता मागतात. शिवाय कोणाला कोणत्या गोळ्या चालू आहेत हे यांना ठाऊक असतं, आणि मात्रा त्यावरूनच ठरते."

"उद्या टाके घालायला शिंपी बोलवा," बेडेकर हसले. शेजारी बसलेली उर्मिला तारळेकर कुपीवरचं लेबल वाचत राहिली. सांगलीच्या जुन्या वस्तीत, गावभागात, तिचं औषधाचं दुकान होतं आणि असली बोलणी पचवायची तिला सवय होती.

दुसऱ्या दिवशी दुकानापुढे रांग लागली. प्रत्येकाच्या मनगटावर धास्तीपट्टी होती. मन निवलं की निळी, नाहीतर तांबडी. पहिल्याच अक्काताईंनी विचारलं, "डॉक्टरास्नी इचारलंस न्हवं?"

"या खेपेला मीच ठरवायचंय, अक्का. सरकारनंच सांगितलंय."

पट्टी तांबडी झाली. मागच्यांच्याही झाल्या. कोणी काहीही विचारलं की "बेडेकर डॉक्टरांना विचारून सांगते" असं उर्मिला वर्षानुवर्षं म्हणत आली होती. लोकांचा भरवसा होता तो त्या विचारण्यावर. आपल्याच हातानं आपण आपली किंमत घालवली, असं वाटून तिला रडू आलं.

मग ती पडद्यामागे गेली. अक्कांची रक्तदाबाची गोळी लक्षात घेऊन तिनं मात्रा अर्धी केली आणि बाहेर येऊन म्हणाली, "डॉक्टरांना फोनवर विचारलं. अर्धीच घ्यायची."

पट्टी निळी झाली.

बेडेकरांना तेव्हा रुग्णालयात मान वर करायला फुरसत नव्हती. गावभाग बरा होत गेला आणि नाव त्यांचं झालं; बाई आपल्या हाताखालच्या डॉक्टरांना विचारत असतील, असं ते धरून चालले. "शेवटी लोकांना डॉक्टरच लागतो," ते सगळ्यांना सांगत. उर्मिला मान डोलवायची.

एके दिवशी ते स्वतःच तापानं फणफणत दुकानात आले. रुग्णालयात त्यांची पट्टी निळी होईना. सहकाऱ्यांच्या चुका त्यांना तोंडपाठ होत्या. उर्मिला पडद्यामागे गेली, बाहेर आली आणि सवयीनं बोलून गेली, "बेडेकर डॉक्टरांना विचारलंय. पाऊण मात्रा."

"बेडेकर मीच," ते म्हणाले. "मला कोणी विचारलेलं नाही."

उर्मिलाच्या तोंडचं पाणी पळालं.

"म्हणजे आजवर कधीच नाही?" त्यांनी सावकाश विचारलं. "मग ही एवढी माणसं?"

"माझ्याच अंदाजानं दिलं सगळ्यांना. चुकलं माझं."

"चुकलं असतं, तर ती बरी झाली नसती." त्यांनी हात पुढे केला. पट्टी निळी होत होती.

औषध घेऊन ते उठले. "मी बाहेर खरं सांगून टाकतो."

"नका सांगू, डॉक्टर. रांग आहे अजून."

ते थबकले. तेवढ्यात दारातून एका म्हाताऱ्यानं हाक दिली, "डॉक्टर, बाई तुमास्नी इचारूनच देत्यात न्हवं?"

"मला विचारल्याशिवाय त्या खडीसाखरही देत नाहीत, नाना," बेडेकर म्हणाले.

नानांची पट्टी निळी झाली. उर्मिलाला हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं. ती पडद्यामागे गेली, तर बेडेकर मागोमाग आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तारळेकरबाई, नानांना मधुमेहाची गोळी चालू आहे ना? मग किती द्यायचं?"