वरचा बाण

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे अडकली होती. मास्तरनं पाचव्या मजल्यावरचं दार किल्लीनं बोटभर उघडलं आणि फटीला तोंड लावून विचारलं, "आत कोण आहे? बरं आहे ना?"

"बरी नाहीये," आतून बाईचा आवाज आला. "पण आहे."

"अर्धा तास लागेल. माझा जोडीदार दुसऱ्या इमारतीतून येतोय. दोघं असल्याशिवाय लिफ्ट हातानं खाली घेता येत नाही."

"तोवर तुम्ही जाणार?"

"इथंच बसतो."

"मग बोला काहीतरी... नाहीतर राहू द्या, मीच बोलते. गप्प बसले की मला जास्त भीती वाटते."

मास्तर भिंतीला टेकून बसला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. फावल्या वेळात लिहायचा, म्हणून कंपनीत सगळे त्याला मास्तर म्हणत. आतली बाई आधी तिच्या कामाबद्दल बोलली. सहाव्या मजल्यावरच्या दवाखान्यात ती लोकांचे कान तपासायची. मग आतला दिवाही गेला आणि तिचा आवाज बारीक झाला.

"दोन वर्षांपूर्वी माझं ठरलेलं लग्न मोडलं," ती म्हणाली. "घरी वाटतं, मुलानं नकार दिला. नको तर मलाच होतं. बाबांना सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी त्याच्या हातापाया पडले, तूच नाही म्हण. त्यानं तसंच सांगितलं. बाबांनी त्याच्या आईला चारचौघांत नाही नाही ते सुनावलं... आणि मी शेजारी मान खाली घालून उभी होते."

तेवढ्यात जोडीदार आला.

लिफ्ट खाली आली, दार उघडलं. ती चपला हातात घेऊन बाहेर पडली आणि तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं.

"सगळं ऐकलंत?"

"माझा डावा कान जरा कमी चालतो."

"आणि उजवा?"

"उजवा दाराला लावला होता."

ती हसली, मग हसल्याबद्दल ओशाळली. "वर या एकदा," ती म्हणाली. "डावा तपासून देते."

त्याच संध्याकाळी मास्तरनं हे सगळं लिहून काढलं. त्याचा एक ब्लॉग होता, अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांचा. तो वाचायचं कुणी नाही. लिहिलं की तो त्याची लिंक मतांच्या एका साइटवर टाकायचा. तिथं कुणीही कुठल्याही लिखाणाची लिंक टाकावी, वाचणाऱ्यांनी आवडलं तर शेजारचा बाण दाबावा. जितके बाण जास्त, तितकं लिखाण यादीत वर. मास्तरला नेहमी तीन मतं पडायची. एक त्याचं स्वतःचं, एक ताईचं, एक जोडीदाराचं. आणि जोडीदार न वाचताच दाबायचा. तासाभरात लिखाण तळाला जायचं.

या वेळी त्यानं मजला बदलला, कानवालीची बँकवाली केली. मोडलेलं लग्न मात्र तसंच ठेवलं. त्याच्याशिवाय त्या लिखाणात होतं काय?

सकाळी चाळीस मतं होती. दुपारी सहाशे. तिसऱ्या दिवशी ते साइटच्या पहिल्या पानावर होतं. खाली लोक हमरीतुमरीवर आले होते, ती बाई भित्री की शहाणी म्हणून. मास्तर इमारतींच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्राशेजारी उभा राहून मोबाइल बघायचा आणि एकटाच गालात हसायचा.

गुरुवारी तो कान तपासून घ्यायला गेला. तिनं त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे ती मान वाकवून काहीतरी लिहीत होती, एक बट सारखी कपाळावर येत होती. मास्तरनं भलत्याच वेळी बटण दाबलं.

"आत्ता मी आवाज सोडलाच नव्हता," तिचा आवाज थेट कानात आला. "काय ऐकलंत?"

"काही नाही... बघत होतो."

"बघायची तपासणी खालच्या मजल्यावर होते."

त्यानंतर दर गुरुवारी त्या इमारतीची लिफ्ट तपासायची मास्तरला आठवण होऊ लागली. तपासून झालं की दोघं तळमजल्यावर चहा घ्यायचे. चौथ्या गुरुवारी ती कपाशी खेळत म्हणाली, "काल त्या मुलाच्या आईला फोन लावला होता. त्यांनी उचलला... आणि मी ठेवून दिला. आतापर्यंत असं तीनदा केलंय."

मास्तरनं तिच्या हातावर हात ठेवला. तिनं काढला नाही.

त्या आठवड्यात त्याचं लिखाण यादीत घसरत होतं. तिसरं पान, मग पाचवं. 'पुढं काय झालं?' असं लोक विचारत होते. मास्तरनं दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी त्यानं दुसरा भाग टाकला. त्यात तो फोन होता.

लिखाण पुन्हा वर चढलं. पण त्याच्याखाली कुणीतरी लिहिलं, 'इमारत कुठली? मी बहुतेक या बाईला ओळखतो.'

मास्तरनं दोन्ही भाग काढून टाकले, पण तोवर लोकांनी ते उचलून आणखी चार ठिकाणी चिकटवले होते. त्यानं ताईला फोन केला.

"तिला माहीत आहे?" ताईनं विचारलं.

"नाही."

"मी तुझ्यासाठी बाण दाबला होता रे. मला वाटलं, तू मनानं रचलंयस." ताई म्हणाली, "आता माझीच मला लाज वाटतेय. तुझं तू बघ."

गप्प बसलं असतं तर कदाचित निभावलंही असतं. हा विचार मास्तरच्या मनात दोन दिवस होता, आणि पुढं त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या दोन दिवसांची. गुरुवारी चहा यायच्या आधी त्यानं मोबाइल तिच्यापुढं ठेवला. "हे मी लिहिलंय," एवढंच त्याला बोलता आलं.

ती वाचत गेली. मास्तर टेबलाच्या कडेकडे बघत राहिला.

"किती मतं?" तिनं विचारलं.

"चार हजार दोनशे."

"पहिलं समजू शकते. तेव्हा मी तुमची कुणी नव्हते." तिचा आवाज अगदी साधा होता, आणि तेच त्याला सोसवेना. "पण हे दुसरं मी तुम्हाला इथं सांगितलं. माझ्या हातावर हात होता तेव्हा तुम्ही माझ्याजवळ होतात... की लिहीत होतात?"

"दोन्ही," मास्तर म्हणाला. खोटं बोलायची आता सोय नव्हती.

ती उठली आणि जिन्यानं वर गेली.

मास्तरनं साहेबांना सांगून ती इमारत दुसऱ्याला द्यायला लावली. ब्लॉग बंद केला. अडकलेल्या लिफ्टबाहेर बसायची वेळ आली की तो आतल्या माणसाला आधीच सांगायचा, "घरचं काही सांगू नका. हवापाण्याचं बोलू." जोडीदार हसायचा. मास्तरला हसू यायचं नाही.

दोन महिन्यांनी दुपारी तिचा फोन आला. "काम सुटलं की आमच्या इमारतीखाली या. बोलायचंय."

ती फाटकाशी उभी होती. दोघं बसथांब्याकडे चालू लागले.

"बाबांच्या ऑफिसात कुणीतरी ते वाचून दाखवलं," ती म्हणाली. "बाबा जेवताना हसत सांगत होते, बघा कसली मुलगी. मी म्हटलं, बाबा, ती मीच."

मास्तर जागीच थांबला. "माझ्यामुळं..."

"ऐका ना. पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग मी त्याच्या आईकडे गेले, सगळं सांगितलं. त्यांनी मला आत घेतलं नाही. दारातच म्हणाल्या, ऐकलं, आता जा. पण मागच्या रविवारी बाबा स्वतः गेले माफी मागायला. त्यांना आत बसवलं." तिनं श्वास सोडला. "याचं श्रेय तुम्हाला देत नाहीये मी."

"देऊही नका."

"राग गेलाय असंही नाही. पण गुरुवार आला की..." ती अडखळली. "चहा एकटीनं घ्यावासा वाटत नाही. याचीही लाजच वाटते मला."

समोरून बस आली. ती चढली नाही. बस निघून गेली.

"मला तुम्ही आवडता," मास्तर म्हणाला. "त्या बटणाच्या दिवसापासून. मला तोंड वर करून सांगता येत नाहीये, पण... आवडता."

तिनं त्याच्या खाली गेलेल्या मानेकडे बघितलं.

"हे आधी कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही."

"ताईला?"

"तिलाही नाही."

"लिहिलंय कुठं?"

"नाही."

"मग पुन्हा एकदा म्हणा," ती म्हणाली आणि त्याच्या आणखी जवळ सरकली. "हळू. मला तेवढं ऐकू येतं."