मधली शांतता

कान तपासायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. घरी मात्र मला कुणाचं ऐकू येत नाही, असं माझा नवरा चारचौघांत सांगतो. आमच्या दवाखान्यात काचेची खिडकी असलेली एक आवाजबंद खोली आहे. पेशंट आत बसतो, कानात बारीक सूर ऐकू आला की बटण दाबतो, आणि बाहेर माझ्यासमोर दिवा लागतो. मधूनमधून मी मुद्दाम काहीच वाजवत नाही. उगाच बटण दाबणारे तिथे बरोबर सापडतात.

त्या सकाळी फर्निचर बनवणारं एक कुटुंब आलं. सासू आणि तिचा मुलगा, दोघं जन्मापासून बहिरे. त्यांच्या वतीने बोलायला सून, तिला उत्तम ऐकू येत होतं. सासू म्हणजे तिची सख्खी आत्याच. सासूसासरेही आतेमामे भावंडं आणि त्यांच्या आधीचेही तसेच. "आमच्या लग्नात वरपक्ष आणि वधूपक्ष एकाच दारातून आत येतात," सून हसत म्हणाली. इतकी समाधानी माणसं मी क्वचितच पाहिली. करवतीच्या कर्कश आवाजात ती सगळी हातांनी गप्पा मारत कामं करायची. मुलाने तर खाणाखुणांनी माझ्या जाड चष्म्याची टिंगल केली आणि मलाही हसू आवरलं नाही.

सून पोटुशी होती. बाळाला ऐकू येईल का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. मी आडपडदा ठेवला नाही. नात्यातच लग्नं होत गेली की एकच दोष आईकडूनही येतो आणि बापाकडूनही. तिच्यातही तो लपलेला असणार, तेव्हा आशा निम्मीच. इतक्या पिढ्यांत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, याचा मला राग आला.

"सगळे जीव लावतात हो," ती हळूच म्हणाली, "पण सासरे गेल्यापासून घरात ऐकणारी मी एकटी. मी हाक मारली तर वळून बघायला कुणी नाही. बाळाने तरी बघावं."

आधी सासूला आत बसवलं. मोठ्यात मोठा सूर सोडला तरी दिवा लागला नाही. मग मी सूर बंद केला आणि दिवा लागला. दोनदा, जरा थांबून पुन्हा एकदा. बटण बिघडलं असेल म्हणून दुसरं जोडलं आणि मुलाला बसवलं. सूर चालू असताना ढिम्म. शांतता झाली की दोनदा, मग एकदा. बाहेर बाकावर बसलेली त्याची आई नेमकी त्याच क्षणी मान वर करत होती. तिथून तिला दिवा दिसत नव्हता.

काय ऐकू येतं, असं सुनेने हातांनी विचारलं. दोघं नुसतेच हसले. मी मशीन दुरुस्तीला पाठवलं. ते ठणठणीत निघालं.

बाळ बसायला लागल्यावर सगळे पुन्हा आले. त्या वयात सूर ऐकून मूल वळतं का, एवढंच बघायचं असतं. आया नकळत मुलाला इशारा देतात, म्हणून मी त्याला आत आजीच्या मांडीवर दिलं. बाप शेजारी बसला. आईला मी बाहेर माझ्याजवळ उभं केलं.

डावीकडून सूर सोडला. बाळ डावीकडे वळलं. उजवीकडून सोडला, उजवीकडे. अगदी बारीक सुरालाही वळलं. आई रडायलाच लागली आणि माझेही डोळे भरून आले. "मार हाक," म्हणत मी माइक तिच्या हातात दिला आणि सूर बंद केला.

"पिल्लू," ती म्हणाली.

ऐकलं त्याने. भुवई हलली. पण तो वळला नाही.

तो समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत होता. आजीही. बापही.

मुलं बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावतात, तसा तो बघत होता. त्याने दोनदा हुंकार दिला, जरा थांबून पुन्हा एकदा.

"पिल्लू, इकडे बघ."

नजर न हलवता त्याने चिमुकला पंजा आमच्या दिशेने उचलला.

"थांब म्हणतोय," आई म्हणाली.

आणि माइक खाली ठेवून ती थांबली.