टापूवरची मोजणी

वसंताच्या सुट्टीतल्या एकदिवसीय सहली आखायच्या म्हणजे काही खायचं काम नाही. गाडी कुठे थांबवायची, किती मिनिटं थांबवायची, म्हाताऱ्या माणसांना पायऱ्या झेपतील का, संडास कुठे आहे आणि त्याला आतून कडी आहे का, हे सगळं आधी स्वतः जाऊन बघावं लागतं. सहल कंपनीच्या ऑफिसात हे काम घड्याळबाईंकडे होतं. खरं नाव होतं हो त्यांना, पण ते पगारपत्रकातच राहिलं. चौदा वर्षांत त्यांच्या सहलीची गाडी कधी पाच मिनिटंसुद्धा उशिरा पोचली नव्हती, आणि हे त्या दिवसातून दोनदा तरी ऐकवत.

त्या दिवशी किनाऱ्याकडचा नवा रस्ता तपासायचा होता. रिकामी मिनीबस, चालवायला ड्रायव्हरमामा, आणि शाळेला सुट्टी लागलेली म्हणून सोबत बाईंची नऊ वर्षांची लेक, बबडी. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. पोरीला ठेवणार कुणाकडे? आणि खरं सांगायचं तर तिला नजरेआड करणं बाईंना जमतच नसे. शेजारच्या खोलीत असली तरी दर दहा मिनिटांनी हाक मारायच्या.

दुपारपर्यंत सगळं झकास चाललं होतं. कड्याच्या टोकावर वीस मिनिटं, दीपगृहाशी पस्तीस, होड्यांच्या धक्क्यावर जेवण. बाई वहीत लिहीत होत्या.

"मामा, पुढच्या थांब्याला आइसक्रीम मिळेल?" बबडीने विचारलं.

"मिळेल की. पण ते खायला तुझी आई चारच मिनिटं देईल," मामा म्हणाले.

"साडेतीन," बाईंनी वहीतून डोकं वर न काढता सांगितलं.

शेवटचा थांबा म्हणजे टापू. किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर एक खडक, त्यावर जुनं पडकं टेहळणीघर आणि चार बाकं. ओहोटीला वाळूची वाट उघडी पडते, भरतीला बुडते. भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकात लिहिलं होतं, वाट चारला बंद. पण वसंतात तिकडे सगळी घड्याळं एक तास पुढे करतात. कोष्टकं छापतात ती जुन्याच वेळेनं, हे बाईंना चौदा वर्षं पाठ. त्यांनी एक तास वाढवला आणि वहीत लिहिलं, वाट पाचला बंद. पावणेचारला गाडी किनाऱ्यावर उभी करून मायलेकी निघाल्या. मामा गाडीतच थांबले.

अर्ध्या वाटेवर धुकं आलं. आलं म्हणजे कसं, तर मागे वळून पाहिलं तर बस नाही, पुढे पाहिलं तर टापू नाही. पायांखालची वाळू तेवढी दिसत होती. बबडीने पिवळ्या रेनकोटची टोपी डोक्यावर ओढली.

टापूवर माणसं होती.

बाकांवर ओळीने बसलेली, मांडीवर पिशव्या, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. ओल्या लोकरीचा, महिनोन्महिने बंद असलेल्या कपाटासारखा वास येत होता. गळ्यात शिट्टी अडकवलेली एक बाई ओळीसमोरून चालत होती आणि प्रत्येकाच्या डोक्याला बोट लावून मोजत होती.

"...एकोणीस, वीस, एकवीस. एक कमी." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

हाडाचीच सहलवाली ती, घड्याळबाईंना बरं वाटलं. जवळ जाऊन म्हणाल्या, "मीही याच धंद्यातली. तुमची गाडी कुठे उभी आहे?"

"यायचीय," शिट्टीवाली म्हणाली. "संख्या भरल्याशिवाय नेत नाहीत ना."

"सावकाश होऊ द्या. पाचपर्यंत वाट आहे."

शिट्टीवालीचं बोट हवेतच थांबलं. "चारपर्यंत, ताई."

"कोष्टकात चार. घड्याळाचा एक तास आपण धरायचा."

"मीही धरला होता..." ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांनी तो आधीच धरून छापलं होतं. तळाला बारीक अक्षरांत लिहिलंय, ताई... वाचा ना."

बाईंनी पर्समधून कोष्टक काढलं. तळाशी, घडीच्या आत, मुंगीएवढ्या अक्षरांत ओळ होती. घड्याळात चार वाजून सहा मिनिटं झाली होती. कुठेतरी अगदी जवळ पाणी खडकावर चपचप करत होतं.

"बबडी!"

बबडी शेजारी नव्हती.

मागे मोजणी पुन्हा सुरू झाली होती. "...वीस, एकवीस..." आवाज थबकला. मग हसू दाबल्यासारखा आला. "बावीस."

बाई गर्रकन वळल्या. शेवटच्या बाकाच्या टोकाला पिवळ्या टोपीचं एक पोर मान खाली घालून बसलं होतं, मांडीवर हात ठेवून, बाकीच्यांसारखंच. बाईंनी झडप घातली, मनगट पकडलं आणि धूम ठोकली. मागून शिट्टी वाजत होती, पुन्हा पुन्हा, अगदी गयावया केल्यासारखी. बाईंनी मागे पाहिलं नाही. पाणी घोट्याला आलं, पोटरीला आलं, गुडघ्याला आलं. हातातला हात बर्फासारखा गार पडला होता. पोर अडखळत होतं, नाकातोंडात पाणी जाऊन खोकत होतं, पण एक शब्दही बोलत नव्हतं.

"झालंच, बाळा... पोचलोच... मी आहे ना..."

धुक्यात बसचे दिवे दिसले. मामा पायरीवर उभे राहून हात हलवत होते.

"बाई, पळा! पाणी चढलंय!" आणि मग त्यांचा आवाज बदलला. "ही... ही कोण आणलीत बरोबर?"

"कोण म्हणजे? बबडी!"

"अहो, बबडी तर केव्हाच आली... पाय दुखतात म्हणाली. ती बघा, मागच्या सीटवर..."

बाईंनी वर पाहिलं. मागच्या काचेला तळहात टेकवून पिवळ्या रेनकोटात बबडी उभी होती. टोपी मागे पडलेली, केस तसेच विस्कटलेले, गालावर तीच खळी. तिने हात हलवला.

बाईंना खाली बघवेना. हातातली गार बोटं घट्ट झाली. एकवीस माणसं आणि तो बंद कपाटाचा वास त्यांच्या डोळ्यांपुढे आला, आणि अंगावर पाल पडावी तसा त्यांनी तो हात झटकून टाकला.

"आई!" पाण्यातून एकदाच ऐकू आलं.

बाई बसमध्ये चढल्या. "चला, मामा! आधी चला इथून!"

दार लागलं. त्या धडपडत मागच्या सीटपर्यंत गेल्या आणि लेकीला छातीशी धरून हमसून हमसून रडल्या. अंग उबदार होतं. रेनकोट कोरडा होता. बूटसुद्धा कोरडे. काचेबाहेर नुसतं पांढरं धुकं होतं.

गाडीने वळण घेतलं तेव्हा समुद्राकडून शिट्टी आली. एकच, लांबलचक. पाठोपाठ त्या बाईचा आवाज, दमलेला पण खूश. "बावीस! भरले गं बाई एकदाचे!"

मामांनी गाडीचा वेग वाढवला.

"घाबरलीस ना, राणी?" बाईंनी पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "झालं हं आता. सरळ घरी जायचं."

पोरीने मान वर केली. गोड हसली. गालाला खळी पडली.

"हो," ती म्हणाली. "आई, आपलं घर कसं आहे गं?"