फूटपट्टीच्या मुठीचा चाकू

चाकू दुरुस्तीला न्यायची त्या महिन्यातली ती माझी तिसरी खेप होती, आणि ते कारागिराच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"ताई, परत?" त्यानं हातातली किल्ली घासायची थांबवली. "मागच्या वेळी इतका घट्ट केला, की उघडताना माझंच नख गेलं."

"तरी उघडतोय."

"कोण उघडतंय?"

माझी तीन वर्षांची मुलगी, असं सांगितलं असतं तर तो हसला असता. हसण्याचा मला कंटाळा आला होता. घरी पुरेसं हसून झालं होतं.

त्याचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. भिंतभर लटकणाऱ्या किल्ल्या, धार लावायचं चाक, तेलाचा वास. एका वेळी एकच गिऱ्हाईक उभं राहू शकेल इतकी जागा, तीही अंग चोरून.

चाकू बाबांचा. बाबा नकाशे काढायचे. पहिल्या नोकरीत घेतलेला हा घडीचा चाकू त्यांनी निवृत्त होईपर्यंत खिशात बाळगला आणि मग मला दिला. त्यातलं मूळचं फक्त पातं उरलं होतं, तेही धार लावून लावून निम्म्यानं अरुंद झालेलं. मुठीचं लाकूड तडकलं तेव्हा बाबांनी आपली जुनी लाकडी फूटपट्टी कापून नवीन मूठ बसवली. अजूनही तिच्यावर सात, आठ, नऊ हे आकडे वाचता येतात. रिव्हेटी दोनदा बदलल्या. स्प्रिंग मात्र सगळ्यात आधी गेली होती. पेन्सिलीला टोक काढताना ती तुटली आणि पातं मिटून बाबांच्या उजव्या तर्जनीत रुतलं. पाच टाके पडले. ते बोट नंतर कधीच वाकलं नाही. ते सरळच राहायचं आणि बाबा ते चाकूच्या पाठीवर टेकवून काम करायचे.

लहानपणी मी त्या चाकूला घाबरायचे. मग बाबा ते बोट माझ्यासमोर धरून म्हणायचे, "मोज बरं." पांढऱ्या रेघेवरच्या बारीक आडव्या खुणा मी एकेक करून मोजायचे. पाच झाले की भीती संपली, असं आमचं ठरलेलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. मुलीनं त्यांना पाहिलेलंच नाही.

सुरुवात लाल पेन्सिलीपासून झाली. मुलीच्या रंगपेन्सिलींना मी शार्पनरनं टोक काढते, ते गोल निघतं. या पेन्सिलीला लांब टोक होतं आणि लाकूड चार सपाट बाजूंनी तासलेलं होतं. कडा अशा, की बोट फिरवलं तर लागावं. अशी टोकं बाबा काढायचे. मीसुद्धा घरून नकाशांचंच काम करते, मुलगी रांगायला लागेपर्यंत त्याच चाकूनं माझ्या पेन्सिली तासायचे, पण मला ते कधी जमलं नाही. "उंदरानं कुरतडली का गं?" असं बाबा विचारायचे.

"ही कोणी केली?" मी मुलीला विचारलं.

"मी."

"कशानं?"

"चाकूनं," ती चित्रातून मान वर न करता म्हणाली.

चाकू कपाटाच्या वरच्या फळीवर होता, पत्र्याच्या डब्यात, जुन्या पडद्यांखाली. तिथे माझाही हात स्टुलावर चढल्याशिवाय पोचत नाही. मी स्टूल लावून पाहिलं. तो तिथेच होता, मिटलेला.

"अगं, तूच केली असशील," नवरा म्हणाला. "झोप कुठे होतेय तुझी?"

माझी झोप हे आमच्या घरातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर झालं होतं. दूध उतू गेलं, झोप. वीजबिल हरवलं, झोप. मी चार सपाट बाजू, लांब टोक वगैरे समजावायला गेले, तर त्यानं पेन्सिल हातात घेतली, फिरवली आणि म्हणाला, "छान केलीय की."

पहिल्या खेपेला मी चाकू घट्ट करून आणला. चार दिवसांत हिरवी आणि पिवळी. दुसऱ्या खेपेला इतका घट्ट, की मलाच उघडेना. मग जांभळी. कुठे लाकडाचा कचरा नाही, शिशाची भुकटी नाही. मी पलंगाखाली पाहिलं, गाद्या उचलल्या, केरसुणीचे काटे विस्कटून पाहिले. सकाळी आंघोळ घालताना मुलीची दहाही बोटं पुढून-मागून तपासायचा मी नेम केला. एक ओरखडासुद्धा नव्हता. त्यानं मला बरं वाटायला हवं होतं.

"पोरीला ओरबाडशील अशानं," सासूबाई म्हणायच्या. त्यांचं लक्ष वेगळीकडेच होतं. "आणि हिचा चमचा धरायचा थाट बघ. एक बोट सरळ पुढे. आत्तापासून हुकूम सोडतेय. उद्या आपल्याला कामाला लावणार ही बया!"

सगळे हसले. मुलगीही हसली. मी तिचं ते बोट चमच्याभोवती वाकवून दिलं. थोड्या वेळानं ते पुन्हा सरळ झालेलं होतं.

म्हणून ही तिसरी खेप.

"पातं काढूनच टाका," मी कारागिराला म्हणाले.

"मग राहिलं काय त्यात? नुसतं पाकीट?"

"राहू दे."

चाकू नखानं उघडेना. त्यानं पक्कड लावली. पातं कुरकुरत बाहेर आलं, तसं त्यानं ते दिव्याखाली धरलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"ताई, तुम्हाला हा उघडता आला होता?"

"दहा दिवसांत एकदाही नाही."

त्यानं मुठीच्या खाचेतून चिमट्यानं काहीतरी उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. लाकडाची ताजी साल होती, गुंडाळलेली. तिला एका कडेनं निळा रंग होता.

निळी पेन्सिल मी सकाळीच पाहिली होती. बोथट होती.

त्यानं रिव्हेट ठोकून काढली आणि पातं कागदात बांधलं. "हे तुमच्याकडेच ठेवा," मी म्हणाले. त्यानं ते खणात टाकलं आणि खणाला कुलूप लावलं. फूटपट्टीची मूठ मात्र माझ्यानं सोडवेना. ती पर्समध्ये घालून मी घरी आले.

निळ्या पेन्सिलीला चार बाजूंचं टोक होतं.

मी ती मोडली. दोन तुकडे करून केरात टाकली. स्वतःच्याच घरात आपण चोरासारखं का वागतोय, याचा मला इतका संताप आला की मी जेवलेच नाही.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी नवरा कामावर होता, सासूबाई पडल्या होत्या. मी नकाशा पुरा करून उठले तर खिडकीच्या कट्ट्यावर मुलीच्या सगळ्या पेन्सिली ओळीनं लावलेल्या होत्या. उंचीप्रमाणे, टोकं एका रेषेत. बाबा नकाशा काढायच्या फळ्याच्या कडेला लावायचे तशा. एकूण एक तासलेली. निळीही होती, आखूड झालेली.

मी कारागिराला फोन केला.

"पातं आहे का?"

कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग कागदाचा.

"आहे की," तो म्हणाला. खण बंद झाल्याचा आवाज आला. "ताई, मूठ जपून ठेवा."

मूठ पर्समध्ये होती. मी हात घालून चाचपली. ती गरम होती, कुणाच्या तरी खिशातून नुकतीच काढल्यासारखी.

मुलगी जमिनीवर बसून चित्र काढत होती. एक बोट पेन्सिलीच्या पाठीवर, सरळ.

"हात दाखव."

तिनं दाखवले.

"मूठ कर."

उजव्या हाताची तीन बोटं आणि अंगठा मिटला. एक बोट राहिलं. मी ते हळूच दाबलं. वाकलं नाही. तिला दुखलंही नाही.

मी तिला खिडकीशी नेलं.

ही बोटं मी सकाळी साबण लावून धुतली होती. सकाळी इथे काही नव्हतं.

आता पांढरी रेघ होती. जखम नाही, जुना व्रण. खूप वर्षांनी कातडी होते तसा गुळगुळीत.

मुलीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग बोट माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

"मोज बरं," ती म्हणाली.

मी टाके मोजले. चार पांढरे होते, जुने.

पाचवा अजून ओला होता.