प्लगवरचं चुन्याचं बोट

माझ्या लेकीला, स्वप्नालीला, पहिली मुलगी झाली ते दोन हजार तेवीस साल. बारसं डिसेंबरात, कसबा बावड्यात आमच्याच घरी होतं. साखर कारखाना चालू होता, हवेत मळीचा वास होता. पाळणा बांधून झाला, बायका जमू लागल्या आणि नेमकं गल्लीच्या तोंडाला एक पोकलेन आडवं बंद पडलं. शेजारच्या प्लॉटवर पाया खणून परत निघालं होतं. पाहुण्यांच्या रिक्षा पलीकडेच अडकल्या.

मी इरकली नेसलेली, तशीच गेले. ऑपरेटर मशीनच्या लोखंडी पट्ट्यावर बसून तळहातावर तंबाखू मळत होता. पन्नाशीचा, उंच, कानावरचे केस पांढरे.

"पावणं, नातीचं बारसं हाय माझ्या. हे धूड काढा की हितनं."

"काढलं असतं ओ बाई. पण इंजिन चालू झालं की लगीच बंद पडतंय. मिस्त्रीला फोन केलाय, दोन तासानं येतो म्हणतोय."

"मिस्त्री तुमच्याम्होरं उभी हाय."

त्यानं माझ्या साडीच्या काठाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "ह्या... साडीत?"

"मग काय, साडी बघून इंजिन चालू हुतंय व्हय?"

माझे मालक उद्यमनगरात गाड्या-मशीनचे वायरमन होते. ते गेल्यावर त्यांची हत्यारांची पिशवी मी खांद्याला लावली. अक्षरंसुद्धा पंचेचाळिशीनंतर शिकले, मशीनच्या स्क्रीनवरचे कोड वाचता यावेत म्हणून.

चावी मारायला सांगितली. इंजिन धडधडत होतं आणि स्क्रीनवर फेरे शून्य. म्हणजे इंजिन ठणठणीत होतं, त्याचे फेरे मोजणारा सेन्सर आंधळा झाला होता. मशीनला वाटे आपण फिरतच नाही, मग ते डिझेल तोडून टाकी. मागचं झाकण काढून सेन्सर सोडवला. टोकाला लोखंडाचा बारीक कीस चिकटून मिशी आली होती. त्यानं न मागता आपला टॉवेल पुढं केला. मी टोक पुसलं, मीटर लावून वायर तपासली आणि सेन्सर परत आट्यांवर फिरवत आत नेला. आतल्या चाकाच्या दात्याला टेकला, तसा अर्धा आटा मागं घेतला.

"मागं कशापायी?" तो इतका जवळ वाकला होता की तंबाखूचा वास आला.

"चिकटला तर दातं खात्यात त्याला. लांब ऱ्हायला तर त्याला काय कळतच न्हाय."

"म्हंजे जवळ... पण बेतानं."

"मी मशीनचं सांगतेय."

"मी बी मशीनचंच इचारतोय की."

गल्ली मोकळी झाली. ज्ञानू नांदवडेकर त्याचं नाव, चंदगडकडचा. बारशाच्या घुगऱ्या खाऊनच गेला. पाळण्यात डोकावून म्हणाला, "पोरगी नशीबवान हाय. आजी मिस्त्री!"

त्यानंतर मशीनचे मालक धैर्यशीलराव मलाच बोलवू लागले. जानेवारीत मशीन दोनदा बंद पडलं, फेब्रुवारीत तीनदा. दर वेळी एकच, सेन्सरचा प्लग सुटलेला. पाचव्या खेपेला मी प्लग उजेडात धरला. काळ्या प्लास्टिकवर पांढरं बोट उमटलं होतं, चुन्याचं.

"ज्ञानबा, ह्यो प्लग आपोआप सुटत न्हाय."

"कंपनानं सुटतोय ओ. मशीन किती हादरतंय..."

"कंपन चुना खातंय व्हय?"

एवढा दांडगा माणूस, पण कानापर्यंत लाल झाला. खाली बघून म्हणाला, "रागावला?"

मी प्लग दाबून बसवला. लॉक टक्कन लागलं. "पुढच्या खेपेला हात धुऊन सोडा."

त्यानं हात कधी धुतले नाहीत. ते चुन्याचं बोट म्हणजे त्याची सही झाली होती. मी ती पदरानं पुसायची आणि चहा पिऊन यायची. तो आपल्या गेलेल्या बायकोचं सांगायचा, मी मालकांचं. दोघंही एकटे, दोघांनाही ते माहीत.

मे महिन्यात माझ्या लक्षात आलं, सारखं सोडून-लावून प्लगचं लॉक झिजलंय. बारीक चीर दिसत होती. मी नवीन लॉक आणलं आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. बसवलं नाही. नवं लॉक घट्ट असतं, हातानं सुटत नाही. मग मला कोण बोलावणार...

जूनच्या शेवटी मशीन चंदगडला गेलं, घाटातला रस्ता रुंद करायला. जुलैच्या मध्यावर पुन्हा फोन आला. एसटीनं आजरा सोडलं तशा काचा धुक्यानं भरल्या. डोंगर कापून उभा केलेला, वरून तांबडं पाणी वाहत होतं. ज्ञानू माझ्या डोक्यावर छत्री धरून स्वतः भिजत उभा होता.

"तानाबाई," पहिल्यांदाच नाव घेतलं त्यानं. "आजून किती दिस अर्धा आटा मागं ऱ्हायाचं?"

मी पिशवीत हात घातला. बोटांना ते लॉक लागलं. बाहेर काढलं नाही. म्हणाले, "लेकीला इचारते."

स्वप्नालीनं बाळाला थोपटून झोपवलं. मग म्हणाली, "रविवारी जेवायला बोलाव त्यांना. फकस्त मशीन घेऊन येऊ नगा म्हणावं."

फोनवर मी तेच सांगितलं. पलीकडे पाऊस आणि त्याचं हसू. "हात धुऊन येतो," म्हणाला.

मी ठरवलं, तो घरी येऊन गेला की नवं लॉक बसवायचं. मग आम्हाला निमित्त लागणार नव्हतं.

रविवार उजाडायच्या आधीच दरड आली. टिपरचा ड्रायव्हर काशिफ समोरच होता. तो मला म्हणाला, "मावशी, वरनं दगडं सुटली तसं काकांनी मशीन मागं घेतलं. निघालं हुतं ओ, निघालंच हुतं. मधेच इंजिन गप झालं. दोनदा चावी मारल्याली ऐकली मी. तिसऱ्यांदा न्हाय."

सहाव्या दिवशी धैर्यशीलरावांचा फोन आला. मशीन उकरून काढलं होतं, तिथून हलवायचं होतं. दुसऱ्या मिस्त्रीला सांगा, असं मला म्हणता आलं असतं. मी गेले.

झाकण उघडलं. प्लग लोंबत होता. लॉक चिरेवरच तुटलेलं. चिखल पदरानं पुसून चारी बाजूंनी बघितलं. चुन्याचं बोट कुठंच नव्हतं.

पिशवीतलं लॉक काढून बसवलं. सेन्सर दात्याला टेकवून अर्धा आटा मागं घेतला. पहिल्या चावीला इंजिन चालू झालं.

पंचनाम्यात दरड लिहिली आहे. लॉकचं कुणी लिहिलं नाही, ते मी लिहिते आहे.

ज्ञानू भैरू नांदवडेकर, वय चोपन्न, चंदगडच्या घाटात मंगळवारी, तेवीस जुलै दोन हजार चोवीस रोजी, सकाळी दहाच्या सुमारास वारला.