खाटेखालची बाटली

खोटं वाटेल, पण ज्याच्यावर हे बेतलं तो माझा सख्खा मावसभाऊ आहे. चाळिशी उलटली तरी घरात तो बाळ्याच. एरवी त्याच्या तोंडाचा पट्टा बंद होत नाही. हे सांगताना मात्र त्याने मान वर केली नाही.

रात्र नव्हती. भरदुपार होती. इस्पितळाचा दुसरा मजला, खिडकीजवळची खाट.

काकांच्या, म्हणजे बाळ्याच्या वडिलांच्या, फुफ्फुसाभोवती पू साचला होता. डॉक्टरांनी बरगड्यांमधून नळी घातली आणि तिचं दुसरं टोक खाली बाटलीतल्या पाण्यात सोडलं. श्वासागणिक नळीतलं पाणी वर चढायचं... खाली उतरायचं. बाटली जमिनीवरच ठेवा, सिस्टरने बजावलं होतं. वर उचलली तर घाण उलटी छातीत जाते.

आणि वास असा की डोकं उठावं.

आदल्या दिवशी बाळ्याचे साहेब भेटायला आले. बाळ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने घाईघाईने बाटली कापडी पिशवीत घातली, उशाजवळच्या उंच कपाटावर ठेवली आणि वरून सुगंधी फवारा मारला. साहेब चांगले ऐसपैस बसले. काका खोकत होते.

"साधा कफ आहे, साहेब," बाळ्या हसून म्हणाला.

काका त्याच्याकडे नुसते बघत राहिले.

संध्याकाळी ताप फणफणला. सकाळी डॉक्टर म्हणाले, आता नळीने भागणार नाही, छाती उघडून पू खरवडावा लागेल. हे पिशवीमुळे झालं का, ते बाळ्याने विचारलंच नाही. धीर झाला नाही.

दुपारी काकांना आत नेलं. जाताना सिस्टरने नवी बाटली लावून दिली. जुनी खाटेखालीच राहिली, तिची मोकळी नळी गादीवर पडलेली. बाळ्या स्टुलावर बसून होता.

वॉर्डात गडबड होती. तरी त्याला ऐकू आलं...

बुडबुड.

त्याने खाली वाकून पाहिलं.

नळीतलं पाणी वर चढत होतं... खाली उतरत होतं.

खाटेवर कुणी नव्हतं. त्याने नळी हातात धरली. कोमट लागली.

पाणी आता अडखळत चढू लागलं. दम लागलेल्या माणसासारखं.

"बाबा?" तो पुटपुटला.

पाणी झर्रकन वर आलं.

तेवढ्यात शेजारच्या खाटेचे पाहुणे वळून बघू लागले. एक बाई नाकाला रुमाल लावून म्हणाली, "अहो, ते झाका की."

बाळ्याला लाज वाटली. अशा वेळीही वाटली. त्याने चादर ओढून बाटलीवर टाकली.

आवाज बंद झाला.

बऱ्याच वेळाने सर्जन बाहेर आले, घामाने डबडबलेले. मध्येच श्वास थांबला होता म्हणाले, कसंबसं परत आणलं.

काका वाचले. बोलता येऊ लागल्यावर त्यांनी एकच विचारलं, तेही न रागावता.

"मी खाटेवरच होतो रे. तुला हाक मारली. तू माझ्या तोंडावर चादर का ओढलीस?"

 

आता काका ठणठणीत आहेत. पण घरी कुणी आलं की आपण होऊन उठतात आणि हळूच विचारतात, "मी आत जाऊ का?"

बाळ्या हात धरून त्यांना शेजारी बसवतो. गप्पा चालू असतात, काका हसतात, मान डोलावतात. पण बाळ्या शपथेवर सांगतो...

पाहुणे उठेपर्यंत त्यांची छाती हलत नाही.